बारावीनंतर खासगी संशोधन विद्यापीठ: परभणीतून विचार करताना

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या पट्ट्यात बारावी सायन्सच्या मुलापुढे घरातून तीन वाटा मांडल्या जातात. नीट देऊन मेडिकल, जेईई-सीईटी देऊन इंजिनिअरिंग, आणि दोन्हीकडे नंबर लागला नाही तर अ‍ॅग्री किंवा बीएस्सी. आर्ट्सच्या मुलाला तर एवढंही कुणी विचारत नाही. बीए कर आणि सोबत एमपीएससीचा अभ्यास कर, एवढ्यावर विषय संपतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशात आणखी एक वाट रुंद झाली आहे. प्रवेश कडक, फी भारी, शिकवणारे स्वतः संशोधन करणारे आणि पदवीच्या मुलांनाही त्या संशोधनात हात घालू देणारे, अशी मोजकी खासगी विद्यापीठं उभी राहिली आहेत. बिट्स पिलानी त्यांतलं सर्वांत जुनं. शिव नाडर, अझीम प्रेमजी, अशोका, अहमदाबाद, क्रिया, प्लाक्षा, पुण्याजवळचं फ्लेम ही अलीकडची.

परभणीच्या घराने या वाटेचा विचार करावा का? माझं मत आधीच सांगतो. जरूर करावा, पण अकरावीतच करावा आणि पैशाचा प्रश्न अर्ज भरण्याआधी विचारावा. ‘निकाल लागल्यावर बघू’ हे आपलं नेहमीचं वाक्य इथे चालत नाही. निकाल हातात येतो तेव्हा इथल्या बहुतेक जागा भरत आलेल्या असतात.

मुळात पदवी एका ठिकाणी आणि संशोधन दुसऱ्या ठिकाणी, अशी फाळणी आपल्याकडे झाली कशी? १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. कॉलेजांनी शिकवायचं आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, अशी ती रचना होती. पुढे संशोधनासाठी संस्था उभ्या राहिल्या त्याही विद्यापीठांच्या बाहेर. सीएसआयआर १९४२ मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये. नामवंत संशोधक तिकडे गेले आणि पदवीचा विद्यार्थी कॉलेजातच राहिला. मराठवाड्याच्या वाट्याला तर कॉलेजंही उशिरा आली. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, शिकायचं तर हैदराबादला उस्मानियाची वाट धरावी लागे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं, आणि १९९४ मध्ये नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाल्यावर परभणीची कॉलेजं त्याला जोडली गेली.

या संलग्न कॉलेजांनी घरातली पहिली पदवी हजारो उंबऱ्यांच्या आत नेली, हे ऋण मोठं आहे. पण त्यांची रचनाच अशी आहे की अभ्यासक्रम, पेपर आणि निकाल तिन्ही नांदेडला ठरतात. वर्गातल्या प्राध्यापकाला एखादा धडा गाळून नवा घालायचा म्हटलं तरी हात बांधलेले. बीएस्सीचं प्रॅक्टिकल जर्नल उघडून पाहिलं तर सगळं कळतं. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हे सगळं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरलेलं, आणि वाचन निष्कर्षाला जुळेल असं भरलेलं. तीन वर्षांत त्या मुलाने ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही असा एकही प्रयोग केलेला नसतो. संशोधन विद्यापीठात जायचं ते यासाठी. उंच इमारती, वातानुकूलित वसतिगृह आणि पोहण्याचा तलाव यांसाठी एवढा पैसा ओतण्याचं कारण नाही.

परभणीकरांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. संशोधन विद्यापीठ म्हणजे काय, हे आपल्याला दिल्लीला जाऊन पाहावं लागत नाही. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेलं आणि आता वसंतराव नाईकांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. सोयाबीनचं एमएयूएस ७१ हे वाण, बडनापूर केंद्राची बीडीएन ७११ ही तूर, लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी, नांदेडच्या केंद्राचा एनएचएच ४४ कापूस, हे सगळं याच विद्यापीठाचं काम. इथला बीएस्सी अ‍ॅग्रीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात राहतो, शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहून माती आणि कीड पाहतो. मूळ कॅम्पसवर प्रवेश मिळाला तर संशोधनाचे प्लॉट चालत जाण्याच्या अंतरावर असतात. ज्या मुलाला जैवविज्ञानाची, पिकांची, हवामानाची खरी ओढ आहे त्याने ‘अ‍ॅग्रीला नाइलाज म्हणून’ जाऊ नये, निवडून जावं. हा पर्याय तिसऱ्या क्रमांकावर ढकलण्याची आपल्याकडची रीत मला नेहमी खटकते.

मूलभूत विज्ञानाची फाळणी सांधण्याचं काम आधी सरकारनेच हाती घेतलं. २००६ मध्ये पुण्यात आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, सुरू झालं. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आणि शेवटचं पूर्ण वर्ष प्रबंधासाठी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने शंभर वर्षं मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण दिलं आणि २०११ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली. गणिताच्या वेड्या मुलांसाठी चेन्नईची गणितीय संस्था आहे. सरकार आणि खासगी देणगीदार या दोघांच्या पैशावर चालणारी, आकाराने लहान पण दर्जाने मोठी. घराजवळ जालन्याला मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र २०१८ पासून आहे. विज्ञानाच्या मुलाने आधी इथे जोर लावावा, असं मी ठामपणे म्हणेन. फी खासगी विद्यापीठाच्या काही अंशच असते, आणि आयसर व विज्ञान संस्थेत आरक्षणही लागू आहे. इथे जागा मिळाली असेल तर बीएस्सीसाठी खासगी विद्यापीठात कर्ज काढून जाण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आता खासगीकडे वळू. देशात आज चारशेहून अधिक खासगी विद्यापीठं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य या लेखाच्या विषयात बसतच नाहीत. या क्षेत्राचा जुना इतिहास पालकांनी लक्षात ठेवावा. छत्तीसगड सरकारने २००२ मध्ये कायदा करून शंभराहून जास्त खासगी विद्यापीठांना परवानगी दिली, त्यांतल्या अनेकांकडे इमारतसुद्धा नव्हती. प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने ती सगळी रद्द ठरवली. आज कायदे कडक झाले आहेत, तरी होर्डिंग, एजंट आणि ‘आजच फी भरा, जागा राखून ठेवतो’ ही भाषा जिथे आहे तिथे निवडकपणाही नाही आणि संशोधनही नाही, असं समजावं. ज्या विद्यापीठाला मूल नाकारता येतं, त्याच्याच होकाराला किंमत आहे.

खरोखर निवडक असलेल्यांत इंजिनिअरिंगसाठी पहिलं नाव बिट्सचं. १९६४ पासून अभिमत विद्यापीठ, पिलानीशिवाय गोवा आणि हैदराबाद इथे कॅम्पस. हैदराबादला परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने थेट जाता येतं. प्रवेश बिटसॅटवर, त्यात मॅनेजमेंट कोटा नाही. तिथल्या रचनेतल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. एक, ‘प्रॅक्टिस स्कूल’, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून कंपनीत किंवा संशोधन संस्थेत काम. दुसरी, प्राध्यापकाच्या हाताखाली प्रोजेक्ट किंवा प्रबंध करून त्याचे क्रेडिट मिळवण्याची सोय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा मुलगा तिथे प्रयोगशाळेत काम मागू शकतो. मात्र चार वर्षांचा खर्च वसतिगृह धरून २५ ते ३० लाखांच्या घरात जातो. गुणवत्ता आणि गरज पाहून फीमध्ये सवलत आहे, पण ती पुढच्या वर्षांच्या गुणांशीही बांधलेली असते.

समाजशास्त्रं, अर्थशास्त्र, इतिहास, साहित्य या बाजूला खासगी विद्यापीठांनी खरा फरक केला आहे. हरियाणात सोनिपतला २०१४ मध्ये अशोका सुरू झालं. तिथे पहिल्या वर्षी सगळ्यांना निरनिराळे विषय घ्यावे लागतात आणि मुख्य विषय नंतर ठरतो. इतिहासाच्या मुलाला संगणकशास्त्र जोडीला घेता येतं. प्रवेश नुसत्या टक्क्यांवर होत नाही. अर्ज, चाचणी, लेखन आणि मुलाखत असं सगळं पाहिलं जातं. फी आणि राहणं मिळून वर्षाला दहा लाखांच्या पुढे. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची स्थापना २०१० ची, पदवी २०१५ पासून, आणि २०२३ पासून भोपाळलाही कॅम्पस आहे. परभणीच्या सामान्य घरासाठी माझ्या यादीत हे नाव सर्वांत वर आहे. कुटुंबाचं उत्पन्न कमी असेल तर तिथे फीच नव्हे, राहण्या-जेवण्याचा खर्चही माफ होऊ शकतो. आणि बंगळुरूची नांदेड-परभणी-गंगाखेडवरून जाणारी गाडीही आहे. बाकीच्यांबद्दल थोडक्यात: फ्लेम घराजवळ आहे पण महाग, क्रिया आणि प्लाक्षा अजून तरुण आहेत, शिव नाडरचा विज्ञान विभाग पाहण्यासारखा आहे.

एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या विद्यापीठांत आपल्या मुलांना आरक्षण नाही. २००५ च्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांत आरक्षणाची मुभा दिली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, पण त्यासाठी केंद्राचा कायदा झालेला नाही. हरियाणाच्या कायद्यात काही जागा राखीव आहेत त्या हरियाणाच्या रहिवाशांसाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने असा कायदा करावा अशी शिफारस केली, तेव्हा आघाडीच्या खासगी संस्थांत अनुसूचित जातीचे विद्यार्थी एका टक्क्याच्याही आत असल्याचं पुढे आलं. ज्या वर्गात आपल्यासारखं कुणीच नाही, तिथे अठरा वर्षांच्या मुलाने बसायचं म्हणजे काय, याचा विचार घरी व्हायला हवा. हे चित्र बदललं पाहिजे, आणि ते बदलेपर्यंत वाट पाहत बसणंही परवडणारं नाही, असं मला दोन्ही वाटतं.

आता पैसा. इथेच सर्वांत जास्त घरं फसतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. पण अभिमत आणि स्वयं-अर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. तेव्हा ‘मुलीला फी नाहीच’ हे ऐकून कुणी खासगी विद्यापीठात नाव घातलं तर पहिल्याच सत्राला धक्का बसेल.

मग कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत एनआयआरएफच्या क्रमवारीतल्या वरच्या संस्थांसाठी, खासगीसुद्धा, तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत, तीही ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांना. आपली संस्था त्या वर्षीच्या यादीत आहे का, हे पोर्टलवर आधी पाहावं. यादीत नसेल तर साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, आणि इथे शेतकऱ्याची अडचण सुरू होते. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, बँकेला ती त्या कायद्याने जप्त करता येत नाही. म्हणून दहा एकर काळी जमीन असली तरी शैक्षणिक कर्जाला बँका ती सहसा तारण धरत नाहीत. शहरात एखादा एनए प्लॉट किंवा घर असलेल्या नोकरदाराला तेच कर्ज सहज मिळतं.

हप्त्याचा हिशेबही कागदावर मांडून पाहावा. दर वर्षी पाच लाख असे चार वर्षांत २० लाख उचलले, व्याज दहा टक्के धरलं आणि शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत काहीच भरलं नाही, तर देणं सुमारे २७ लाख होतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला ३५ हजारांच्या आसपास. बिट्सच्या संगणकशास्त्राच्या मुलाला हे झेपू शकतं. इतिहास किंवा जीवशास्त्र घेऊन पुढे पीएचडी करू पाहणाऱ्याला झेपणार नाही, कारण त्याची कमाई सुरू व्हायलाच दहा वर्षं लागतात. म्हणून संशोधनाकडे वळणाऱ्या मुलाने खासगी विद्यापीठात जायचं ते शिष्यवृत्तीवरच, मोठ्या कर्जावर नाही, हा माझा नियम. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया या खासगी आणि निवडक विद्यापीठात गेले ते पदव्युत्तर शिक्षणासाठी, पण तेही सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाल्यावरच.

गरजेवर आधारित शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः शांतपणे बसून भरायची गोष्ट आहे. त्यात आयकर विवरण, पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, मालमत्तेचा तपशील असं सगळं मागतात. हा फॉर्म पगारदार माणूस डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. शेतकऱ्याकडे आयकर विवरण नसतं, सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचं असतं आणि फेरफार तीन भावांत अडकलेला. सोयाबीनची पट्टी आली त्या महिन्यात खात्यात दीड लाख दिसतात, आणि त्यातले लाखभर पंधरा दिवसांत पीककर्ज, खताची उधारी आणि मजुरीला गेलेले असतात. छाननी करणाऱ्याला फक्त जमा दिसते. कोरडवाहू चार एकर ‘मालमत्ता’ म्हणून भरली की घर श्रीमंत दिसू लागतं. यावर उपाय म्हणजे सोबत दीड पानाचं पत्र जोडावं. जमीन कुणाच्या नावे, आपला हिस्सा किती, कोरडवाहू की बागायत, दोन वर्षांचं उत्पादन आणि आडतीच्या पट्ट्या, कर्जाचा उतारा, सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पीक गेलं असेल तर पंचनामा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा काढून ठेवावा. आणि सवलत किती, किती वर्षांसाठी, कोणत्या अटीवर, हे लेखी मिळाल्याशिवाय पहिला हप्ता भरू नये.

या सगळ्यात सर्वांत जास्त पिळला जातो तो मधला वर्ग. जिल्हा परिषदेचे शिक्षक नवरा-बायको, दोघांचे पगार मिळून आठ लाखांच्या वर. त्यांना राज्याची फी माफी नाही, व्याज सवलत नाही आणि पूर्ण शिष्यवृत्तीही बहुधा नाही. या घरांनी सरकारी संस्थांचाच क्रम आधी लावावा.

विद्यापीठाची पारख करताना क्रमवारीच्या आकड्यावर थांबू नये. आपल्या विषयाच्या विभागातल्या प्राध्यापकांची नावं संकेतस्थळावर असतात. त्यांतली चार-पाच घेऊन त्यांचे गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध शोधावेत आणि लेखकांच्या यादीत पदवीचे विद्यार्थी कुठे आहेत का ते पाहावं. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला फोन करून विचारावं, की पहिल्या वर्षाला प्राध्यापक स्वतः शिकवतात का, आणि प्रयोगशाळेत काम मागितलं तर मिळतं का. आणखी एक विचारावं, जे पालक सहसा विचारत नाहीत. संशोधक अडचणीत आला तर विद्यापीठ त्याच्यामागे उभं राहतं का? मार्च २०२१ मध्ये प्राध्यापक प्रताप भानू मेहता अशोकातून बाहेर पडले आणि पाठोपाठ अर्थतज्ज्ञ अरविंद सुब्रमण्यन यांनीही राजीनामा दिला. २०२३ मध्ये निवडणुकांवरच्या एका शोधनिबंधानंतर तिथले प्राध्यापक सब्यसाची दास यांनीही विद्यापीठ सोडलं. देणगीच्या पैशावर उभ्या असलेल्या विद्यापीठाची ही खरी कसोटी आहे. सरकारी विद्यापीठांत वेगळ्या प्रकारचे दबाव असतात, पण मुलगा ज्यांच्याकडे शिकायला जातोय ती माणसं उद्या तिथे असतील का, हा प्रश्न बिनमहत्त्वाचा नाही.

भाषेची भीती मोठी आहे आणि ती खोटी नाही. मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेल्या मुलाला मुलाखतीत इंग्रजी अडते. चांगल्या विद्यापीठांत अशा मुलांसाठी पूरक वर्ग असतात, ते आहेत का हे विचारून घ्यावं. बुलढाण्याच्या लोणार तालुक्यातल्या राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेली ‘एकलव्य’ ही संस्था घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना अशा संस्थांच्या अर्जांसाठी आणि मुलाखतींसाठी तयार करते. तिथपर्यंत पोचलेल्या विदर्भ-मराठवाड्याच्या मुलांनी दाखवून दिलं आहे, की अडचण बुद्धीची नव्हती, माहितीची होती.

आणि वेळेची. अझीम प्रेमजीच्या पहिल्या फेरीचे अर्ज दिवाळीच्या सुमारास चालू असतात. अशोकाच्या फेऱ्या हिवाळ्यात सुरू होतात. बिटसॅटचे अर्ज साधारण बोर्डाच्या परीक्षेआधी निघतात, आयसर आणि चेन्नई गणितीय संस्थेचे मार्च-एप्रिलच्या सुमारास. म्हणजे आपली मुलं लातूर-नांदेडला नीटचे सराव पेपर सोडवत असतात त्याच महिन्यांत. क्लासचं वेळापत्रक यातल्या कशाचीच दखल घेत नाही.

एक काम मात्र पालकांच्या हातातलं नाही, ते कनिष्ठ महाविद्यालयांचं आहे. काही निवडक विद्यापीठं, आणि परदेशातली जवळजवळ सगळीच, शिक्षकाचं शिफारसपत्र मागतात. या मुलाने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कोणतं पुस्तक वाचलं, चूक झाल्यावर काय केलं, असं त्यात लिहायचं असतं. पण आपल्याकडे अकरावी-बारावीचं नाव एका कॉलेजात आणि मूल वर्षभर दुसऱ्या शहरातल्या क्लासमध्ये, असा प्रकार सर्रास चालतो. कॉलेजच्या शिक्षकाने त्याला प्रॅक्टिकलच्या परीक्षेलाच पाहिलेलं असतं आणि क्लासमध्ये तो तीनशेंतला एक असतो. त्या मुलाबद्दल चार खऱ्या ओळी लिहू शकेल असा शिक्षकच उरत नाही. परभणीतल्या, सेलूतल्या, गंगाखेडच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या पहिल्या सत्रात दहा-पंधरा मुलांची जबाबदारी एकेका शिक्षकाकडे द्यावी आणि या अर्जांच्या तारखा ऑगस्टमध्येच फलकावर लावाव्यात. याला ना अनुदान लागतं, ना मंत्रालयाची परवानगी.